पाहुण्या यंत्राची साक्ष

एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवण्याची सोय आज घरगुती लॅपटॉपपर्यंत पोचली आहे. पण तिची काटेकोर व्याख्या १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एका शोधनिबंधात केली, आणि त्या व्याख्येत सहज जाता जाता नोंदवलेला एक अपवाद पुढच्या अर्धशतकातील असंख्य तक्रारींचे मूळ म्हणून वाचता येतो. आभासी यंत्र, म्हणजे व्यवहारात ज्याला व्हर्च्युअल मशीन किंवा नुसते व्हीएम म्हणतात ते, खऱ्या यंत्राची अशी प्रतिकृती असावे की आत चालणाऱ्या प्रोग्रामचा परिणाम खऱ्या यंत्रावर जसा झाला असता तसाच व्हावा, ही त्यांची अट. मात्र साधनसामग्रीच्या उपलब्धतेमुळे आणि वेळेच्या गणितामुळे जो फरक पडेल तेवढा या अटीतून वगळलेला. बेरीज तीच येईल, फाइल तीच उघडेल, पण किती वेळात, याची हमी नाही. इंटरनेटचा कारभार तर मुळात वेळेवरच उभा आहे, कारण पाठवलेल्या पॅकेटची पोच किती वेळाने आली यावरून पुढची पॅकेटे किती आणि केव्हा पाठवायची हे ठरवणे, हेच त्यातील टीसीपी या मुख्य नियमावलीचे काम. ‘व्हीएममध्ये नेट स्लो आहे’ ही तक्रार अशा रीतीने नेमकी त्या जागी उभी राहते जिथे आभासी यंत्राने कसलेही वचन दिलेले नव्हते.

खरे हार्डवेअर ज्याच्या ताब्यात असते त्या संगणकाला होस्ट म्हणजे यजमान, त्याच्या आधाराने चालणाऱ्या आभासी यंत्राला गेस्ट म्हणजे पाहुणा, आणि दोघांच्या मध्ये बसून पाहुण्याला हार्डवेअरचा आभास पुरवणाऱ्या प्रोग्रामला हायपरवायझर म्हणतात. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर, हायपर-व्ही आणि लिनक्समधील केव्हीएम ही त्यांतली परिचित नावे. पाहुण्याला दिसणारे नेटवर्क कार्ड, त्याला केबल जोडलेली असल्याची खूण, त्या केबलचा वेग, पलीकडचा राउटर आणि शेवटी घड्याळसुद्धा हायपरवायझरने दिलेले असते. निदानाला बसलेला माणूस मात्र बहुधा पाहुण्याच्याच खिडकीत बसून पाहुण्याच्याच साधनांनी मोजमाप करतो, म्हणजे ज्या साक्षीदाराची सगळी माहिती ऐकीव आहे त्याच्या एकट्याच्या जबानीवर निकाल देतो. या विषयावर मिळणारे बहुतेक सल्ले याच कारणाने दुबळे ठरतात. अमुक पर्याय बंद करा, तमुक कार्ड बदला, ड्रायव्हर पुन्हा टाका, नाहीच तर सगळे रीस्टार्ट करा, अशी त्यांची यादी असते, आणि तिच्यातले प्रत्येक कलम कुठे ना कुठे कुणाला तरी उपयोगी पडलेले असते. पण कोणते लक्षण पाहून कोणत्या कलमाकडे वळायचे हे त्यात नसते. रीस्टार्टने तर रोग आणि पुरावा दोन्ही एकदमच नाहीसे होतात, आणि आठवड्याने रोग तेवढा परत येतो.

‘स्लो’ या एका शब्दाखाली निदान चार वेगळी गाऱ्हाणी येतात. पान उघडायला सुरुवातच उशिरा होते पण एकदा सुरू झाले की झरझर येते. सुरुवात लगेच होते पण प्रवाह बारीक राहतो. छोटी पाने ठीक चालतात आणि मोठी फाइल अर्ध्यावर थिजते. किंवा माहिती वेळेवर आलेली असूनही पडद्यावर उमटायला उशीर लागतो. यांतल्या चौथ्याचा नेटवर्कशी संबंधच नाही. पाहुण्याला ग्राफिक्स कार्डाचा आधार नसला की ब्राउझरला पानातले चित्र न चित्र प्रोसेसरकडून रंगवून घ्यावे लागते, स्क्रोल करताना पान अडखळते, आणि बोट इंटरनेटकडे दाखवले जाते. आभासी डिस्क ही होस्टवरची गरजेनुसार वाढत जाणारी एक फाइल असेल आणि होस्टची डिस्क जुन्या फिरत्या तबकडीची असेल, तर डाउनलोडचा आकडा खाली पडतो तो लिहिण्याच्या गतीमुळे. तीच फाइल डिस्कवर न उतरवता नुसती वाचून टाकून दिली, तर आकडा सावरतो आणि संशयित बदलतो. ही दोन प्रकरणे इतकी साधी आहेत की त्यांवर अधिक शब्द खर्च करण्याचे कारण नाही, पण ती प्रथम निकालात न काढल्यामुळे वाया गेलेल्या दुपारी पुष्कळ असतील.

भारतीय तर्कशास्त्राने कार्यकारणभाव ठरवण्यासाठी अन्वय आणि व्यतिरेक ही जोडी वापरली: कारण असताना कार्य असणे हा अन्वय, आणि कारण नसताना कार्य नसणे हा व्यतिरेक. आभासी यंत्र ही या पद्धतीसाठी जणू घडवलेली प्रयोगशाळा आहे, कारण इथे कार्ड, जोडणीचा प्रकार, प्रोसेसरची संख्या असा एकेक घटक बाकीचे सर्व तसेच ठेवून काढता-घालता येतो, जे खऱ्या यंत्राबाबत स्क्रूड्रायव्हरशिवाय जमत नाही. पहिला व्यतिरेक अर्थातच स्वतः पाहुण्याचा: तेच संकेतस्थळ, त्याच वेळी, होस्टवरून उघडून पाहणे. होस्टही तितकाच मंद असेल तर आभासी यंत्र निर्दोष सुटते. होस्ट वेगवान आणि पाहुणा मंद असेल तरच पुढचा शोध सुरू होतो.

त्या शोधात पहिले उभे राहते ते आभासी कार्ड. हायपरवायझर पाहुण्याला पुष्कळदा एखाद्या जुन्या, सर्वपरिचित कार्डाचे सोंग दाखवतो. एएमडीचे पीसीनेट, रिअलटेकचे आरटीएल८१३९ किंवा इंटेलचे ई१००० ही त्यांतली ठरलेली सोंगे, आणि त्यांचा फायदा असा की जवळपास प्रत्येक कार्यप्रणालीकडे त्यांचे ड्रायव्हर आधीपासून असतात. पण खऱ्या कार्डाशी बोलताना ड्रायव्हर त्याच्या ठरावीक नोंदस्थानांवर, म्हणजे रजिस्टरांवर, आकडे लिहितो. आणि इथे कार्डच नसल्याने अशा प्रत्येक लेखनाच्या वेळी प्रोसेसरला पाहुण्याचे काम थांबवून हायपरवायझरकडे यावे लागते, त्याने कार्डाने जे केले असते ते सॉफ्टवेअरने करून दाखवावे लागते, आणि मग पाहुण्याला पुन्हा जागे करावे लागते. या ये-जाला व्हीएम एक्झिट म्हणतात. एक फेरी क्षुल्लक, पण सेकंदाला हजारो पॅकेटे आणि प्रत्येकामागे अशा फेऱ्या म्हटल्यावर होस्टचा एक अख्खा प्रोसेसर-गाभा सोंग वठवण्यातच खर्ची पडतो. ई१०००चे सोंग दाखवलेल्या पाहुण्याला मात्र आपल्या कार्डाचा वेग एक गिगाबिट प्रतिसेकंद असल्याचे दिसत राहते. तो आकडा त्या नमुन्याच्या खऱ्या कार्डाच्या माहितीपत्रकातून आलेला असतो; आत्ताच्या वाहतुकीशी त्याचे काही नाते नाही. उलट व्हीएमवेअरचे व्हीएमएक्सनेट३ हे कार्ड स्वतःचा वेग दहा गिगाबिट सांगते आणि एकाच होस्टवरील दोन पाहुण्यांमध्ये, मध्ये तारच नसल्यामुळे, त्या आकड्याच्या पुढेही जाऊ शकते.

या दुखण्यावरचा उपाय तांत्रिक आहेच, पण त्यामागची कल्पना अधिक विचार करण्यासारखी आहे. २००३ साली केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी झेन हा हायपरवायझर मांडला, आणि त्यात पाहुण्याला फसवण्याचा आग्रह सोडून त्याला सरळ सांगून टाकले की तू पाहुणा आहेस. या पद्धतीला पॅराव्हर्च्युअलायझेशन म्हणतात. पुढे रस्टी रसेल यांनी लिनक्ससाठी व्हर्टायो नावाची सामायिक पद्धत घडवली आणि २००८ साली ती शोधनिबंधातून मांडली. तिच्यात पाहुण्याचा ड्रायव्हर कुठल्याही खऱ्या कार्डाचे नाटक करत नाही, तर होस्टबरोबर वाटून घेतलेल्या स्मृतीच्या एका वर्तुळाकार रांगेत पॅकेटांचे गठ्ठे ठेवतो आणि गठ्ठ्यामागे एकदाच हाक मारतो. फेऱ्या घटतात आणि प्रवाह अनेक पटींनी वाढतो. आभास जितका हुबेहूब तितका महाग, आणि पाहुण्याला सत्य सांगितले की तो धावू लागतो, हा या क्षेत्राच्या इतिहासातील सर्वांत सुखद विरोधाभास म्हणावा लागेल. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की कार्डाचा प्रकार बदलून व्हर्टायो किंवा त्या त्या हायपरवायझरचे स्वतःचे कार्ड निवडावे आणि पाहुण्यात त्याचा ड्रायव्हर बसवावा. बारीक प्रवाहाची तक्रार असेल तर हा पहिला बदल, आणि तो करताना दुसरा कोणताही बदल करू नये.

कार्डाच्या पलीकडे प्रश्न येतो तो जोडणीचा. नॅट या प्रकारात पाहुण्याची सगळी वाहतूक होस्टच्या पत्त्यावरून जाते-येते. जुन्या वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांची पत्रे मालकाच्या एकाच पत्त्यावर यावीत आणि दिवाणजींनी ती घरोघर वाटावीत, तसा हा प्रकार. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नॅट निवडल्यावर पाहुण्याला बहुधा १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो आणि राउटर म्हणून १०.०.२.२ दिसतो. असा राउटर जगात कुठेही नाही. त्याच्या जागी होस्टवर चालणारा एक प्रोग्राम आहे, आणि त्याची वंशावळ स्लर्प नावाच्या एका जुन्या प्रोग्रामपर्यंत पोचते, जो १९९०च्या दशकाच्या मध्यात डॅनी गॅस्पारोव्स्की यांनी लिहिला. त्या काळी इंटरनेटची स्वस्त खाती शेल खाती असत, म्हणजे टेलिफोनवरून दूरच्या संगणकात शिरायचे आणि पडद्यावर फक्त अक्षरे पाहायची; चित्रांसह जाळे दाखवणारे टीसीपी/आयपी खाते महाग असे. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली तेव्हा हाच भेद इथेही आला, आणि मुंबई-पुण्यातील ज्या विद्यार्थ्यांनी काळ्या पडद्यावर अक्षरे वाचत इंटरनेटची पहिली ओळख करून घेतली त्यांना तो अजून आठवत असेल. स्लर्पची करामत अशी की तो शेल खात्यावर चालवला की स्वस्त खाते महाग खात्यासारखे वागू लागे. होस्टवर कुठलाही विशेष अधिकार न घेता पाहुण्याला जाळ्यात आणण्यासाठी हीच युक्ती कामी येते हे क्यूईएमयू या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या रचनाकारांनी हेरले, तिथून ती व्हर्च्युअलबॉक्सकडे गेली, आणि अशा रीतीने मोडेमच्या युगातील एक काटकसर आज फायबरच्या वाहतुकीत मधोमध बसलेली आढळते.

हा प्रोग्राम पाहुण्याची टीसीपी जोडणी स्वतःपाशीच संपवतो आणि पुढे होस्टच्या वतीने दुसरी, स्वतंत्र जोडणी उघडतो. त्यामुळे प्रत्येक बाइट दोनदा हाताळला जातो आणि वेगावर मर्यादा येते. शिवाय पिंग, म्हणजे माइक मूस यांनी १९८३ साली लिहिलेले हाक-ओ विचारणारे साधन, या मार्गाने नीट चालेलच असे नाही, कारण पिंगची पॅकेटे टीसीपीची नसतात. नॅटखालच्या पाहुण्यात पिंग अडखळले म्हणून जाळे बिघडले असा निष्कर्ष काढणारा माणूस दिवाणजींना पत्राऐवजी मनीऑर्डर देऊन त्यांच्या कामचुकारपणाबद्दल तक्रार करत असतो.

मग सल्ला मिळतो की नॅट सोडा आणि ब्रिज निवडा. ब्रिज म्हणजे पाहुण्याला घरच्या जाळ्यात स्वतंत्र सदस्य म्हणून उभे करणे, ज्यात राउटर त्याला वेगळा पत्ता देतो आणि मधला अनुवादक निघून जातो. हा सल्ला कुणाला अमृतासारखा लागू पडतो आणि कुणाचे होते तेही बिघडवतो. नैयायिकांनी अशा प्रसंगासाठी उपाधी ही संकल्पना ठेवली आहे: जिथे अग्नी तिथे धूर हे विधान खरे वाटते, पण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असून धूर नसतो, कारण धुराला अग्नीखेरीज ओले इंधन लागते, आणि हे न सांगितलेले ओले इंधन म्हणजे उपाधी. ब्रिज वेगवान, या विधानाची उपाधी म्हणजे केबल. इथरनेटच्या तारेवर होस्टचे कार्ड कोणत्याही पत्त्याच्या नावाने पॅकेट सोडू शकते. वाय-फायवर मात्र ॲक्सेस पॉइंट ज्या यंत्राने रीतसर ओळख देऊन प्रवेश घेतला आहे त्याच हार्डवेअर-पत्त्याची वाहतूक स्वीकारतो, आणि पाहुण्याचा पत्ता त्याच्या लेखी अनोळखी असतो. हायपरवायझरला मग जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटावर पाहुण्याचा पत्ता खोडून होस्टचा लिहावा लागतो आणि येणाऱ्यांची उलट छाननी करावी लागते. हे कधी चोख चालते, कधी वाय-फायच्या ड्रायव्हरशी त्याचे पटत नाही. लॅपटॉपला केबल लावून पाहणे ही अर्ध्या मिनिटाची चाचणी या साऱ्या वादाचा निकाल लावते.

तिसरे गाऱ्हाणे, म्हणजे छोटे सगळे चालते आणि मोठे थिजते, हे सर्वांत चकवणारे असले तरी त्याचे लक्षण इतके नेमके आहे की एकदा ओळखले की पुन्हा चुकत नाही. इथरनेटवर एका पॅकेटात १५०० बाइटांपर्यंत मजकूर मावतो. या कमाल आकाराला एमटीयू म्हणतात. भारतातील अनेक ब्रॉडबँड जोडण्या पीपीपीओई या पद्धतीने चालतात आणि तिचे वेष्टन ८ बाइट घेते, म्हणून उरतात १४९२. होस्टवर कार्यालयाचे व्हीपीएन चालू असेल तर त्याच्या कुलुपबंद वेष्टनापायी आणखी कमी, उदाहरणार्थ वायरगार्ड या व्हीपीएनच्या नेहमीच्या मांडणीत १४२०. वेष्टन होस्टवरच चढत असेल तर होस्टला हे ठाऊक असते. पाहुण्याला नसते, त्याच्या आभासी कार्डावर १५०० लिहिलेले आहे आणि तो भरलेली १५०० बाइटांची पॅकेटे पाठवत राहतो. वाटेतल्या ज्या राउटरला ती मोठी होतात त्याने ‘एवढे मोठे चालणार नाही’ असा निरोप परत पाठवावा, आणि पाठवणाऱ्याने आकार कमी करावा, ही व्यवस्था १९९० साली लिहून ठेवलेली आहे. पण सुरक्षेच्या नावाखाली हे निरोपच अडवून ठेवणाऱ्या भिंती जाळ्यात ठिकठिकाणी आहेत. मोठे पॅकेट मुकाट्याने नाहीसे होते, पाठवणारा तेच पुन्हा पाठवतो, तेही नाहीसे होते, आणि वापरणाऱ्याला दिसते ते एवढेच की जोडणी झाली, पानाचे शीर्षक आले आणि पुढे चक्र फिरत राहिले.

चाचणी आकड्यांचीच आहे. तुकडे करू नयेत अशी खूण लावून १४७२ बाइटांचे पिंग पाठवावे, कारण त्यात २८ बाइटांची शीर्षके मिळवली की बरोबर १५०० होतात. ते गेले नाही तर १४६४, म्हणजे १४९२ची तपासणी, आणि तसेच खाली. जिथे उत्तर येऊ लागते तो आकडा, अधिक २८, पाहुण्याच्या कार्डावर लिहिला की थिजलेली फाइल वाहू लागते. गंमत अशी की वर ज्याची हेटाळणी झाली तो स्लर्पच्या वंशातील नॅट या रोगापासून सहसा मुक्त असतो, कारण तो होस्टच्या वतीने नवी जोडणी उघडतो आणि होस्टला खरा आकार माहीत असतो. मंद दिवाणजी इथे घर वाचवतात, आणि ब्रिजवर गेलेला पाहुणा अडकू शकतो. ‘नॅट की ब्रिज’ या प्रश्नाला एक उत्तर शोधणाऱ्या सल्ल्यांमध्ये ही गोष्ट क्वचितच आढळते.

याच भागात ऑफलोड नावाचा एक गुंता आहे. पाठवायचा मजकूर दीड-दीड हजार बाइटांत कापण्याचे आणि प्रत्येक तुकड्याची पडताळणी-बेरीज काढण्याचे कष्ट प्रोसेसरने न घेता ते कार्डाकडे सोपवणे म्हणजे ऑफलोड. प्रोसेसर ६४ किलोबाइटांपर्यंतचा अखंड गठ्ठा कार्डाला देतो आणि तुकडे कार्ड करते. आभासी कार्डाबाबत हा गठ्ठा न फोडताच होस्टपर्यंत जातो, आणि व्हर्टायोच्या वेगाचे बरेच श्रेय यालाच आहे. मात्र वाटेत एखादा अँटिव्हायरसचा चाळणी-ड्रायव्हर किंवा अर्धवट व्हीपीएन असा बसला की जो गठ्ठा फोडतही नाही आणि पुढेही जाऊ देत नाही, तर अपलोड रखडते आणि डाउनलोड ठणठणीत राहते. येणाऱ्या बाजूला पॅकेटे एकत्र करणारा एलआरओ हा प्रकार असेल तर नेमके उलटे होऊ शकते. म्हणून दोन दिशा वेगवेगळ्या मोजणे महत्त्वाचे. सगळे ऑफलोड सरसकट बंद करा हा सल्ला लक्षण झाकतो आणि प्रोसेसरवर कायमचा बोजा टाकतो. शिवाय पाहुण्यात पॅकेट-निरीक्षण करणारे वायरशार्कसारखे साधन लावले तर त्यात हजारो बाइटांची, एमटीयूत न मावणारी पॅकेटे दिसतात आणि जाणाऱ्या पॅकेटांची पडताळणी-बेरीज चुकीची असल्याचा लाल इशारा येऊ शकतो. वस्तुतः तारेवर तसे काहीच गेलेले नसते. बेरीज अजून व्हायची आहे, कापणी अजून व्हायची आहे, आणि पाहुणा आपल्या दारातून पाहिलेले दृश्य रस्त्याचे म्हणून सांगत असतो. तेच साधन होस्टच्या खऱ्या कार्डावर लावले की दोन जबान्या शेजारी ठेवता येतात, आणि बहुतेक वेळा त्यांच्यातली तफावत हेच उत्तर असते.

उशिरा सुरुवात होण्याच्या पहिल्या गाऱ्हाण्याला फार शब्द लागत नाहीत. लिनक्समध्ये नावावरून पत्ता शोधताना एका डीएनएस सर्व्हरने उत्तर दिले नाही तर मूळ मांडणीनुसार ५ सेकंद वाट पाहून पुढच्याला विचारले जाते; म्हणून प्रत्येक नवे संकेतस्थळ जवळजवळ बरोबर पाच सेकंद थांबून मग सुसाट उघडत असेल, तर पाहुण्याच्या यादीतला पहिला डीएनएस सर्व्हर मृत आहे, किंवा व्हीपीएन सुरू झाल्यावर, लॅपटॉप घरून कार्यालयात नेल्यावर, तो आवाक्याबाहेर गेला आहे. विलंब गोल आकड्यात येतो तेव्हा तारेवर संशय घेऊ नये; कुणीतरी कुठेतरी तेवढीच वाट पाहायची असे लिहून ठेवलेले असते.

बारीक प्रवाहाचा एक पोटप्रकार मात्र स्पीड टेस्टलाही चकवतो. पोच येईपर्यंत किती मजकूर हवेत ठेवता येईल, याला टीसीपीत खिडकी म्हणतात, आणि मधल्या एखाद्या थराचा बफर ६४ किलोबाइटांत अडकला असेल तर खिडकी त्याहून मोठी होत नाही. जाऊन-येऊन ५ मिलिसेकंद लागणाऱ्या मुंबईतील सर्व्हरशी बोलताना एवढी खिडकीसुद्धा सेकंदाला सुमारे १०५ मेगाबिट देते. २०० मिलिसेकंदांवरील अमेरिकेतील सर्व्हरशी बोलताना तीच खिडकी जेमतेम २.६ मेगाबिट देते, मग घरची जोडणी कितीही रुंद असो. स्पीड टेस्ट स्वभावतः जवळचा सर्व्हर निवडते. पुण्यात बसलेल्या माणसाला ती पाहुण्याचा वेग उत्तम असल्याचे सांगते, आणि अटलांटिकपलीकडच्या भांडारातून पॅकेज उतरवताना मात्र जीव जातो. दोन्ही साक्षी खऱ्या असतात.

घड्याळाचा प्रश्न याहून खोल आहे. १९८६ साली कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यात, अवघ्या ४०० यार्डांच्या अंतरात, जाळ्याचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. व्हॅन जेकबसन यांनी त्याचा माग काढला आणि १९८८च्या निबंधात दाखवून दिले की दोष तारेचा नव्हता. पोच यायला किती वेळ लागावा याचा अंदाज यंत्रे चुकीचा बांधत होती आणि वाटेत असलेली पॅकेटेच हरवली समजून पुन्हा पुन्हा पाठवत होती. त्यांनी सुचवलेल्या दुरुस्तीत सरासरी वेळेबरोबर तिच्यातील चढउतारही मोजला जातो, आणि आजचे टीसीपी याच पायावर चालते. आभासी यंत्रात हे मोजमाप करणारा स्वतः मधूनमधून झोपवला जातो. होस्टचा प्रोसेसर दुसऱ्या कामात असेल तेव्हा पाहुणा थांबलेला असतो, पॅकेट दारात येऊन पडलेले असते, आणि जागा झाल्यावर त्याला वाटते की पोचच उशिरा आली. जुन्या आभासी यंत्रांत तर घड्याळाचे ठोकेही साचत आणि मग भराभर दिले जात, म्हणजे काही क्षण पाहुण्याचा काळ थबके आणि काही क्षण धावे. आता केव्हीएमसारखे हायपरवायझर पाहुण्याला वेळ थेट वाचण्याची सोय देतात; तरी पिंगचे आकडे २, २, ४५, ३, ६० असे उड्या मारत असतील आणि होस्टवरून तेच आकडे सपाट असतील, तर नेटवर्क सोडून प्रोसेसरकडे पाहावे. पाहुणा मंद वाटला की त्याला होस्टचे सगळे गाभे देऊन टाकण्याची रीत आहे, आणि ती घातक आहे, कारण पॅकेटे आणून देण्याचे काम होस्टचे असते आणि त्याच्याकडे मग ते करायला हात उरत नाहीत. चारांतले दोन गाभे परत घेतल्यावर पाहुण्याचे इंटरनेट सुधारले, हे ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही.

आतापर्यंतचा सगळा विचार होस्ट आपल्या मेजावर आहे असे धरून झाला. भाड्याच्या आभासी यंत्रांत, ज्यांना क्लाउड म्हणतात, ही सोय राहत नाही. होस्ट एखाद्या माहितीकेंद्रात असतो, त्याच्यावर आणखी कोण पाहुणे उतरले आहेत हे कळत नाही, आणि बाहेरून पाहण्याची खिडकीच बंद असल्यामुळे पाहुण्याच्या साक्षीवर भिस्त ठेवणे भाग पडते. तिथे लिनक्सच्या टॉप या आज्ञेत स्टील नावाचा एक छोटा रकाना दिसतो. पाहुणा काम करायला तयार होता पण हायपरवायझरने प्रोसेसर दुसऱ्याला दिला, अशा वेळेची टक्केवारी तो सांगतो, आणि होस्टने आपल्या कारभाराबद्दल पाहुण्याला स्वतःहून दिलेली एवढीच कबुली असते. पण तो शून्य असूनही मंदगती येते, आणि तिचे रूप वेगळे असते: यंत्र सुरू केल्यावर काही मिनिटे वेग झकास, मग एकाएकी पायरी उतरल्यासारखा खाली, आणि तिथे सरळ रेषेत स्थिर. बिघाड इतका नीटनेटका नसतो. लहान आकाराच्या भाडेयंत्रांना मूळ वेग कमी ठरवून दिलेला असतो आणि त्यावर थोडा वेळ जास्त धावण्याची शिल्लक मिळते. शिल्लक संपली की यंत्र करारात लिहिलेल्या वेगावर येते, आणि ती पुन्हा साचेपर्यंत तिथेच राहते. वेग मोजण्याचे रूढ साधन आयपर्फ३ हे, दुसरे काही न सांगितल्यास, १० सेकंद चालून थांबते आणि अशा यंत्राला दर वेळी उत्तम गुण देते. त्यालाच तासभर चालू ठेवले की ती पायरी आलेखात उघड दिसते, आणि पुढचा प्रश्न मोठ्या आकाराचे भाडे परवडते की नाही एवढाच उरतो.